तगरीवरची काजळी

दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. मी स्वयंपाकघरात डबे घासूनपुसून ठेवत होते आणि आमची मुलगी मागच्या अंगणात एकटीच खेळत होती. ती तेव्हा बालवाडीत होती. तिचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येत होता. पावसाळ्यापासून तो होताच. कोरडा, आणि एकदा लागला की लवकर न थांबणारा. माझा एक कान कायम त्या आवाजाकडे असायचा. मधेच ती खोकत खोकत आत आली, माझ्या ओढणीला तोंड पुसलं आणि परत पळाली. ओढणी नीट करायला हातात घेतली, तर तिच्यावर काळा डाग.

डाग ओला होता. माझ्या डोक्यात पहिल्यांदा एवढंच आलं, की हे तिच्या खोकल्यातून आलंय.

हातातला डबा तिथंच टाकून मी बाहेर धावले. तिला धरलं, तोंड उघडायला लावलं, जीभ बघितली. जीभ लालच होती. पण ओठांभोवती काळं होतं आणि दोन्ही तळहात तर कोळशात घातल्यासारखे.

"काय खाल्लंस? खरं सांग."

"कायच न्हाई. मी भाजी करून राह्यले," ती रडवेली होऊन म्हणाली.

तिच्या भातुकलीच्या पातेल्यात तगरीची पानं चिरून ठेवली होती. मी एक पान उचललं. वरची बाजू पूर्ण काळी. बोट फिरवलं तर बोट काळं झालं आणि खालून हिरवं पान दिसलं. मान वर करून झाडाकडे पाहिलं. भिंतीलगतची आमची तगर, पांढऱ्या भरगच्च फुलांची, शेंड्यापासून बुडापर्यंत काजळी धरल्यासारखी झाली होती. तिच्याखालच्या कुंड्यांतले क्रोटनही तसेच. रोज त्या अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या मला हे दिसलं कसं नाही, कोण जाणे. पानं जरा मळकट झालीत, पावसाची झड लागली की धुतली जातील, असंच वाटत राहिलं असावं.

खोकल्यातून काही आलं नव्हतं, हे कळल्यावर मी पायरीवर बसले. पण सुटकेचा श्वास अर्धाच आला. कारण तिथून आमच्या गच्चीचा कठडा दिसत होता आणि त्या गच्चीवरून काय दिसतं ते मला माहीत होतं.

नवीन जालन्यात घर बांधून आम्हाला दोन-तीन वर्षं झाली होती. नवरा इथल्या एका बियाणं कंपनीच्या कार्यालयात कामाला. मी मंठ्याची. लग्नानंतर भाड्याच्या दोन खोल्यांत राहून झाल्यावर हे घर झालं, तेव्हा पहिल्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर सतरंजी टाकून जेवलो होतो. तिथून लांबवर सळईच्या कारखान्यांची धुराडी दिसायची. त्या संध्याकाळी ती मला शोभेची वाटली होती. आता मात्र सगळं एका ओळीत येऊन बसलं. वारा तिकडून येतो. पानांवर काजळी बसते. हीच हवा मुलगी छातीत घेते. पानं निदान पुसता येतात.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी काळ्या पानांची थाळी भरून ठेवली होती.

"हे बघा. हे तिच्या फुप्फुसात जाऊन राह्यलंय."

त्यांनी पान उलटंपालटं करून पाहिलं. "अगं, पूर्ण जालना ह्याच हवेत जगून राह्यलंय."

"मंग पूर्ण जालना असं खोकतंय का, ते विचारून या."

आम्ही दुसऱ्याच दिवशी मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, घरात कोणाला दमा आहे का विचारलं, मग म्हणाले, दम्याकडे झुकणारी ॲलर्जी दिसते, नळीतून औषध ओढायचा पंप सुरू करू. धूळ, धूर, सर्द हवा सांभाळा. पंप म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ आले, खिशातून पंप काढून भिंतीला टेकणारे. एवढ्याशा पोरीला एकदा पंपाची सवय लागली तर आयुष्यभराची, असं मी धरून चालले. बाकी त्यांनी सांगितलेलं काही डोक्यात राहिलं नाही. 'धूर' तेवढा राहिला.

औषधाची पिशवी कपाटात वर ठेवली आणि खिडक्या बंद करायला लागले.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. गुडघ्याच्या उपचारासाठी आष्टीहून आलेल्या. ती तगर त्यांनीच आणलेली. घर बांधून झालं तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी एसटीतून मांडीवर घेऊन आल्या होत्या. रोज सकाळी काठी टेकत मागे जायच्या, ओंजळभर फुलं काढायच्या आणि देवाला वाहायच्या. जालन्यात त्यांचा जीव रमला तो त्या झाडाभोवतीच.

"हे झाडच काढून टाकू आई," मी म्हणाले. "सगळा धूर त्याच्यावर साठून राह्यला. पोरगी त्याच्याखालीच खेळती."

"अगं, धूर झाडावर बसला त्यात झाडाचा काय गुन्हा? फुलं तर देऊनच राह्यलं ना अजून."

"फुलं बाजारातून आणू."

"आणाल की. सगळंच बाजारातून आणता येतं," असं म्हणून त्या आत निघून गेल्या.

नवऱ्यानं वेगळाच उपाय काढला. एका संध्याकाळी पिशवीतून फवारणीच्या औषधाची बाटली बाहेर काढली. त्यांच्या ओळखीच्या दुकानातून आणलेली, कपाशीवर मारतात त्या औषधाची. बाटलीवरचा विषाच्या खुणेचा लाल त्रिकोण ते फाटकात असतानाच मला दिसला.

"ती घरात आणू नका."

"अगं, एकदा मारलं की बिलकुल साफ होईल. जे काय असंल ते मरंल."

"जे काय असेल ते म्हणजे? काय आहे ते तरी माहीत आहे का तुम्हाला? धूर कुठं औषध मारून मरतो? आणि खोकणाऱ्या पोरीच्या खिडकीखाली तुम्ही विष फवारणार?"

शेजारच्या काकू कठड्यावरून डोकावल्या. नवरा तसाच वळला आणि बाटली परत देऊन आला. त्या दिवशी घरात तिघं मोठी माणसं तीन खोल्यांत बसली होती आणि खिडक्या बंद असल्यामुळे आत कोंदट उकडत होतं. मुलगी मधल्या खोलीत एकटीच चित्र रंगवत होती. खोकत होती.

मला पुरावा पाहिजे होता. तो घेऊन नवऱ्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचं, चला, हे घर भाड्यानं देऊ, आपण मंठ्याला जाऊ. म्हणून मी चहाच्या पांढऱ्या बश्या घेतल्या. एक गच्चीवर उघड्यावर ठेवली, एक तगरीखाली. धूर किती पडतो ते डोळ्यांनी दिसेल, हा हिशोब. थोड्या दिवसांनी पाहिलं. गच्चीवरच्या बशीत लालसर धूळ होती, फुंकर मारली की उडणारी. तगरीखालची बशी मात्र चिकट झाली होती. सांडलेला चहा वाळल्यावर राहतो तसा चिकटपणा, त्यावर बारीक ठिपके, आणि काठावरून चाललेल्या मुंग्या.

आज मागे वळून पाहताना वाटतं, इतकं स्वच्छ समोर होतं. वरून पडणारा धूर गच्चीवर जास्त पडायला हवा होता. पण भीती बसलेल्या माणसाला सगळं भीतीच्याच बाजूनं लावता येतं. धुरात काहीतरी तेलकट असणार, पानांवर ते जमून खाली ठिबकत असणार, असं मी स्वतःला पटवलं आणि जास्तच घाबरले. तेलकट धूर म्हणजे आणखी वाईट.

दिवाळीला मी मुलीला घेऊन मंठ्याला गेले. नवऱ्याला सांगितलं, दहा-पंधरा दिवस राहते. मनात होतं, तिकडच्या हवेत हिचा खोकला गेला की परत यायचंच नाही. बसमधून उतरल्यावर मी तिला म्हणाले, "घे, मोठा श्वास घे." तिनं गाल फुगवून श्वास घेतला आणि खोकली. मी म्हटलं, प्रवासाचा असेल.

माझ्या माहेरचं शेत गावापासून जरा आत आहे. भाऊ मोसंबी करतो. आईनं अडुळशाचा काढा सुरू केला, मुलगी दिवसभर उन्हात, बागेत, गाईच्या वासरामागे. पहिले दोन दिवस बरे गेले आणि मी मनातल्या मनात मंठ्यातली शाळाही निवडायला लागले. मग एके पहाटे थंडी पडली आणि तिला असा खोकला लागला की ओठ पांढरे झाले. श्वास आत जाताना शिट्टीसारखा बारीक आवाज. आई पाठ चोळत होती, मी तिला उभी धरली होती. आमच्या आजूबाजूला नुसतं शेत होतं. एक धुराडं नाही, एक कारखाना नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधाची पिशवी जालन्याच्या कपाटात होती.

उजाडल्यावर भावानं मोटारसायकलवरून आम्हाला गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी वाफेचं औषध दिलं आणि थोड्या वेळात मुलगी मोकळा श्वास घ्यायला लागली. बाईंनी विचारलं, आधी कोणी काही सुरू केलं होतं का? मी सांगितलं, डॉक्टरांनी पंप दिला होता, सवय लागेल म्हणून मी तो सुरूच केला नाही.

"ताई, सवय औषधाची लागत नसते. तिची श्वासाची नळी आखडती, ती औषधानं मोकळी होती. एवढंच," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे मला जास्तच रडू आलं.

परत शेतावर आलो. मुलगी आजीच्या मांडीवर झोपली. मी नुसतीच उठून बागेत गेले, कारण बसवत नव्हतं. मोसंबीच्या ओळीतून चालता चालता थबकले. कोपऱ्यातली काही झाडं काळी होती. तीच काजळी. पानांवर, फळांवर, फांद्यांवर. मी पानावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

भाऊ पाण्याचा पाइप बदलत होता. मी हाक मारली. "हे इथं कुठून आलं?"

"कोळशी हाय ती. ह्या कोपऱ्यात दरवर्षी येती थोडीफार."

"पण इथं धूर कुठंय?"

तो हसला. "धुराचं काय काम हितं? बुरशी हाय ताई." त्यानं पान उलटं करून दाखवलं. खाली बारीक काळे दाणे चिकटले होते. "ह्या किडी रस पितात आन् गोड चिकट पाणी सोडतात. ते खालच्या पानावर पडतं, त्याच्यावर ही बुरशी धरती. बुरशी पान खात न्हाई. नुसती झाकून टाकती, मंग पानाला ऊन भेटत न्हाई. बुरशी पुसून भागत न्हाई, कीड हटवावी लागती."

आनंद झाला असं म्हणता येत नाही. ज्या एका गोष्टीवर मी सगळं ढकललं होतं, ती निघून गेली होती. धुराला शिव्या देता येत होत्या, घर सोडून पळता येत होतं. आता मुलीचा खोकला मुलीचा होता आणि झाडाची कीड झाडाची. दोन्हींसाठी मलाच काहीतरी करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी जालन्याला परतलो. आधी कपाटातली पिशवी काढली. पहिल्या वेळी पंप देताना मी कागदावरची सूचना दोनदा वाचली, मुलगी मात्र फुगा फुगवायचा खेळ समजून शांत बसली. मग तगरीकडे गेले. पानं उलटी केली, तिथं फारसं काही नव्हतं. फांद्यांवर मात्र बारीक तपकिरी टेंगळं होती. मी ती सालीचीच समजत आले होते. नखानं खरवडलं तर टेंगूळ निघालं आणि खाली ओलं होतं. ही खवले कीड, हे नाव मला पुढे कळलं. अख्खी फांदी तिनं भरली होती. मुंग्यांची रांग तिच्यापर्यंत जात होती.

मी सासूबाईंना हाक मारली आणि दाखवलं. त्या डोळे बारीक करून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तोडायचं न्हाई ना मंग आता?"

"न्हाई आई. धुवायचं."

सुरुवातीला मी घाईच केली. भर दुपारी कपड्याच्या पावडरीचं पाणी करून सगळ्या झाडावर मारलं. दोन दिवसांत कोवळ्या पानांच्या कडा करपल्या आणि वाटलं, आपण उरलंसुरलं झाडही घालवलं. सासूबाई सकाळी फुलं काढताना करपलेलं पान बोटांत धरून उभ्या राहिल्या. मग नवऱ्यानं त्यांच्या कंपनीतल्या एका शेतीतज्ज्ञांना फोटो पाठवून फोन लावून दिला. त्यांनी सांगितलं, पावडर नको. पातळ साबणाचे थोडे थेंब आणि निंबोळी तेल पाण्यात, तेही ऊन उतरल्यावर, फांद्यांना आणि पानांच्या खालून. पिल्लं परत परत निघतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा. लाल ठिपक्यांचे भुंगेरे दिसले तर त्यांना हात लावू नका, ते ही कीड खातात. आणि बुरशी पुसताना मुलीला लांब ठेवा.

शेवटच्या वाक्यावर मी अडले. "म्हणजे तिचा खोकला ह्यानं..."

"तसं मी सांगू शकत नाही, वहिनी. बुरशी आहे, लांब ठेवलेली बरी."

ती टोचणी राहिलीच. आमच्या डॉक्टरांनाही विचारलं, त्यांनीही ठाम काही सांगितलं नाही.

मुलगी शाळेत गेली की आम्ही दोघी मागच्या अंगणात. तोंडाला फडकं बांधून मी कात्रीनं सगळ्यात भरलेल्या आणि एकात एक घुसलेल्या फांद्या काढायची, म्हणजे आत उजेड आणि वारा जाईल. सासूबाई खुर्चीत बसून, बादलीत फडकं बुडवून, हाताला येतील त्या फांद्या आणि क्रोटनची पानं पुसायच्या. काढलेल्या फांद्यांचं काय करायचं, हा प्रश्न आला. शेतात जाळतात. मी जाळू देणार नव्हते. नवऱ्यानं रविवारी मोकळ्या जागेत खड्डा केला आणि पुरून टाकल्या. मुंग्यांचा बंदोबस्तही त्यांचाच. भिंतीला टेकणारी फांदी छाटली आणि बुंध्याभोवती कापडाची पट्टी बांधून तिला मोटारसायकलचं ग्रीस फासलं. "मुंग्या वर गेल्या की किडीची राखण करतात म्हणे," ते म्हणाले. हौसेनं मूठमूठ युरिया घालायचे, तोही त्यांनी आपणहून बंद केला. त्या खतानं झाड कोवळं लुसलुशीत होतं आणि किडीला तेच आवडतं, असं त्यांना फोनवर सांगितलं होतं. मला ते बोलले नाहीत, पोतं मात्र मंठ्याला माझ्या भावाकडे पाठवून दिलं.

एक दिवस सासूबाई पुसता पुसता म्हणाल्या, "तू त्या दिवशी झाड तोडायचं म्हणलीस ना, मला वाटलं आता माझाही कंटाळा आला हिला."

मी फडकं पिळत होते, ते पिळतच राहिले. "तसं न्हाई आई. मला लई भ्या वाटून राह्यलं होतं."

"आम्हाला न्हाई का वाटत? मी रोज तिच्या उशाशी बसून श्वासच मोजत असते."

मला हे माहीत नव्हतं. त्या जपमाळ ओढतात असं समजत होते.

तगर लगेच सुधारली नाही. जुनी पानं डागाळलेलीच राहिली, बरीचशी गळाली, आणि मधे झाड इतकं उघडंबोडकं दिसलं की काकूंनी विचारलं, गेलं का हो? संक्रांतीच्या सुमाराला नवी पालवी आली. ती हिरवीच राहिली. मी रोज सकाळी चहा घेऊन जायची आणि फांद्यांवर बोट फिरवायची. मुलीचंही तसंच झालं. एकदम नाही, हळूहळू. खोकल्याशिवायची एक सकाळ, मग तशा सलग काही. पंप अजून चालू आहे. डॉक्टर म्हणतात, वाढत्या वयाबरोबर कमी होण्याची शक्यता आहे. शक्यता, हा शब्द मी घरी येऊन नवऱ्याला जसाच्या तसा सांगते.

रोपवाटिकेतून आता काही आणायचं तर मी प्रत्येक पान उलटून बघते. तिथला माणूस वैतागतो. आणलेलं रोप काही दिवस फाटकाजवळ वेगळं ठेवते, मगच मागे नेते. धुराड्यांचा धूर आहे तो आहेच. गच्चीवर गेले की अजूनही वारा कुठून आहे ते मी आधी बघते.

सासूबाई गुडघा बरा झाल्यावर आष्टीला गेल्या. परवा त्यांचा फोन आला होता, तो ठेवते न ठेवते तोच दुसरा वाजला. शाळेचा नंबर. बाईंनी "हॅलो" म्हणून पुढचं बोलायला एक क्षण घेतला, तेवढ्यात माझा हात पंपाच्या पिशवीकडे गेला.

"काही नाही हो, ती पाण्याची बाटली घरी विसरलीय. आणून देता का?"

बाटली ओट्यावरच होती. मी ती भरली, चपला घातल्या आणि निघाले.